कपात युरोपची, फी अमेरिकेची

अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण 25 टक्के हिस्सा करांच्या रूपाने सरकारजमा होतो. फ्रान्स आणि डेन्मार्कमध्ये हाच आकडा 43-45 टक्क्यांवर जातो. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेची सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास आहे. एवढ्या आकडेवारीवर अमेरिकन माणूस स्वतःला मुक्त समजतो आणि युरोपियन माणसाला सरकारचे कूळ. युरोपातले कूळ मात्र दवाखान्यात जाताना पाकीट चाचपत नाही. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्य विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 2024 मध्ये 25,000 डॉलरच्या वर गेला. तो मालक आणि नोकर मिळून खासगी कंपनीला भरतात, म्हणून त्याची गणना करात होत नाही. जर्मनीत सरकारी विम्याचा मूळ हप्ता पगाराच्या 14.6 टक्के, निम्मा मालकाचा. तो करभारात धरला जातो आणि त्यात बिनपगारी बायकोमुलेही येतात. पैसे दोन्हीकडे जातात. युरोपात ते आजारी पडण्याआधी कापतात, अमेरिकेत आधीही आणि नंतरही.

या वादात बोलण्याचा सातारा-सांगलीचा अधिकार जुना आहे. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने शाहू महाराजांसाठी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आणल्या. चौथाई 25 टक्के, सरदेशमुखी 10 टक्के, बेरीज 35. म्हणजे आजची ओईसीडीची सरासरी साताऱ्याच्या दरबाराने तीनशे वर्षांपूर्वीच ओलांडली होती. हे टक्के रयतेच्या उत्पन्नाचे नव्हते, मुलखाच्या महसुलाचे होते; पण करांची तुलना करणारे विद्वान एवढा फरक चालवून घेतात. चौथाईची वाटणीही शास्त्रशुद्ध होती. चौथा हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींचा, सहा टक्के सहोत्रा पंतसचिवांचा, तीन टक्के नाडगौडा राजाच्या मर्जीतल्यांचा आणि उरलेले 66 टक्के मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. संरक्षणावरच्या खर्चाचे हे प्रमाण अमेरिकेलाही अजून झेपलेले नाही.

बदल्यात रयतेला काय मिळत होते, हा प्रश्नही सनदेत सुटलेला होता. सरदेशमुखी घेणाऱ्याने मुलखाचा बंदोबस्त ठेवायचा, चोर धरायचे आणि चोरीस गेलेला ऐवज परत मिळवून द्यायचा, नाही तर भरून द्यायचा. चोरीची भरपाई करातूनच देणारे कल्याणकारी राज्य स्वीडनमध्येही नाही. कलम अमलात किती आले, हा वेगळा विषय. कल्याणकारी योजनांचे मूल्यमापन शासन निर्णयावरून करण्याची प्रथा तेव्हापासूनचीच असावी.

सांगलीने दिलेला नमुना याहून सभ्य आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, जे पुढे अनेक वर्षे विधान परिषदेचे सभापती होते, यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना मांडली. 1965 मध्ये त्यांच्याच तालुक्यात तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये दिल्लीने तो देशासाठी उचलला. युरोपात काम गेलेल्या माणसाला घरी भत्ता मिळतो. तासगावच्या कल्पनेत त्याला खडी फोडायला मिळे. पण काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळे, आणि तसा हक्क अमेरिकेने कोणाला दिलेला नाही.

या योजनेसाठी शहरी पगारदारावर 1975 मध्ये व्यवसाय कर बसला. खेड्यातल्या मजुराच्या कुदळीचे पैसे शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापण्याची ही सोय पुरेपूर युरोपियन होती. फक्त तिची उंची देशी राहिली. राज्यघटनेने या कराला घातलेली वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा 1988 पासून तिथेच उभी आहे. पगारपत्रकात अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. सर्वांत कमी दिवसांच्या महिन्यात सर्वांत जास्त कर, हे तत्त्व कोणत्याही पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञाला सुचलेले नाही.

खरी तुलना मात्र कृष्णाकाठच्या उसाच्या बिलात करावी लागते. शेतीचे उत्पन्न आयकर कायद्यानुसार करमुक्त. त्यामुळे वाळवा, कराड, पलूसचा ऊस उत्पादक मार्चअखेरीस टेक्सासच्या माणसाइतकाच मोकळा असतो. कायद्याने त्याचे पैसे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत मिळायला हवेत. ते मिळतात तेव्हा तो एकदम जर्मन होतो. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता वजा, टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ योजनेची पाणीपट्टी वजा, कारखान्याने उधारीवर दिलेले खत-बियाणे वजा. तोडणी-वाहतूक तर दर जाहीर होतानाच वजा. साखर कारखानदारीच्या भरभराटीच्या काळात यात ठेवींची भर पडली. परतीची ठेव आणि बिनपरतीची ठेव असे तिचे दोन प्रकार. त्यातली दुसरी लोकांनी निमूटपणे भरली, कारण कारखाना आपला आहे, असे त्यांना सभेत सांगितले होते आणि बऱ्याच अंशी ते खरेही होते.

या कपातीतून खरोखर खूप काही उभे राहिले. रस्ते झाले, उपसा योजना झाल्या, दूध संघ निघाले, कारखान्यांच्या आसपास शाळा, दवाखाने, तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला स्कँडिनेव्हियन नमुना म्हटले असते. पण स्वीडनमध्ये पगारातून कापलेल्या पैशाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठात पोराला घालताना बापाला पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची शिकवणी फी शेवटच्या राज्यानेही 2014 मध्ये बंद केली. इथे मात्र उसाच्या पट्ट्यातल्या कॉलेजच्या खिडकीशी उत्पादकाचा मुलगा पोहोचला, की अमेरिका सुरू होते: विनाअनुदानित फी, शैक्षणिक कर्ज आणि जामीनदार म्हणून पुन्हा तोच बाप. अशा रीतीने दोन्ही खंडांतले जे जे जनतेला महाग पडते, ते ते एकाच तालुक्यात नांदवून दाखवले गेले.

याला अपवाद होता, आणि तो या गणितात बसत नाही. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, पुढे ती साताऱ्यात आणली. घराघरांतून मूठभर धान्य गोळा करायचे आणि मुलांनी कमवून शिकायचे, ही तिची करपद्धती. तिला वसुली अधिकारी नव्हता, नोटीस नव्हती आणि ठेवीची पावतीही नव्हती.

दोन्ही जिल्ह्यांतली मुले आता दोन्ही खंडांत आहेत, त्यामुळे करांची तुलना लग्नाच्या पंगतीत होते. म्युनिकमधल्या मुलाचा निम्म्याजवळ पगार कपातीत जातो. रेडिओ न ऐकता, टीव्ही न पाहताही महिन्याला 18.36 युरो प्रसारण शुल्क, कुत्रा पाळला तर त्याचा नगरपालिकेला वेगळा कर. मात्र मूल झाले की 2025 च्या दराने दरमहा 255 युरो बालभत्ता घरी येतो. न्यू जर्सीतल्या मुलाच्या हातात पैसा जास्त येतो. पंगतीत मान त्याचाच. मूल झाल्यावर पगारी रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा त्याच्या देशात नाही. 1993 चा जो कायदा आहे, तो बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो. म्हणून बाळंतपणाला इथून आईला पाठवावे लागते. कल्याणकारी खर्चाचा हा भाग साताऱ्याच्या खात्यावर पडतो आणि अमेरिकेच्या आकडेवारीत येत नाही.

न्यू जर्सीतल्या या मुलाच्या पगारातून पेन्शनसाठी 6.2 टक्के कापले जातात. दहा वर्षे भरण्यापूर्वी तो परतला, तर त्या पेन्शनवर त्याचा हक्क राहत नाही. भारताचा जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचा करार 2017 पासून लागू आहे, अमेरिकेशी अजून झालेला नाही. म्हणजे बिनपरतीची ठेव उसाशिवायही जमवता येते, हे अमेरिकेने सिद्ध केले.

राहता राहिला दवाखाना. मिरजेत 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले. त्यामागे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या भाविकांनी दिलेल्या देणग्या होत्या. परक्या गावच्या गरिबाच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकन माणसाने राजीखुशीने पैसे दिले. शेजाऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी करातून द्यायचे म्हटले की त्याला त्यात समाजवाद दिसतो. न्यू जर्सीतला मुलगा डिसेंबरात येतो तो दात, चष्मा आणि सगळ्या तपासण्या सांगली-मिरजेत उरकून जातो. आईवडिलांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, याची चौकशी तोच करतो. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देणाऱ्या या योजनेसाठी शिधापत्रिका लागते. बहुतेक घरांत त्या शिधापत्रिकेवर त्याचेही नाव अजून असते.