थोरले आणि आतले

पहिल्या खेपेला बाई गरोदर असते. दुसऱ्या खेपेला ती आधी आई असते, मग सून, मग बायको, मग ऑफिसातली नोकरदार, आणि या सगळ्यातून सवड झालीच तर गरोदर. पहिल्या वेळी कुणी "कितवा गं?" विचारलं की मी महिना, आठवडा आणि वर दिवससुद्धा सांगायचे. ऐकणारीला पुढची लोकल गाठायची घाई असायची, पण मी बाळाची सेंटिमीटरमधली लांबी सांगितल्याशिवाय सोडायचे नाही. आता तोच प्रश्न आला की मी फ्रिजवर चिकटवलेल्या सोनोग्राफीच्या कागदाकडे बघते. त्यावर थोरल्यांनी स्केचपेनने नक्षीकाम केल्यामुळे तारीख दिसत नाही. मग मी मोघम "मध्यावर आहे" म्हणते आणि विषय बदलते.

थोरले म्हणजे आमचे चिरंजीव. वय वर्षे अडीच, वजन तेरा किलो, उंची टेबलावरचा वरणाचा वाडगा खाली ओढता येईल एवढी. बातमी कळल्यापासून डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना ही बढती मिळाली आहे. पाठीवर येणारी व्यक्ती मुलगा की मुलगी ते माहीत नसल्याने तिचा उल्लेख मी आदरार्थी 'आतले' असा करते.

बातमी सर्वांत आधी सासूबाईंना कळली. माझ्याही आधी. एका संध्याकाळी थोरले हॉलच्या मधोमध ओणवे झाले आणि पायांच्या फटीतून मागचं जग न्याहाळू लागले. सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर करून शांतपणे म्हणाल्या, "पाठचं भावंड बोलावतोय गं हा." मी हसले. पुढच्याच आठवड्यात किटवर दोन रेघा उमटल्या आणि माझं हसू आटपलं. नवरा किटच्या खोक्यावरची किंमत वाचून म्हणाला, "उगाच पैसे घातले. पुढच्या वेळी यालाच ओणवा करू." 'पुढच्या वेळी' म्हटल्यावर मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो निमूटपणे मेथी निवडायला बसला.

उलट्या दोन्ही वेळी झाल्या, पण पहिल्या वेळी त्यांना इभ्रत होती. मी नुसतं "कसंतरी होतंय" म्हटलं की नवरा पाठीवरून हात फिरवायचा, सासूबाई आवळासुपारी पुढे करायच्या, फोडणीचा वास नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लागायचं. या वेळी बेसिनपाशी वाकले की शेजारी पाटावर थोरले उभे. माझी एक उमळ झाली की त्यांची एक, जास्त मोठ्या आवाजात. काही दिवसांनी बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "तो रोज डबा उघडला की ओकारीचा आवाज काढतो. आता सगळा वर्गच काढतो. घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

त्याच सुमारास थोरल्यांना शी-शूचं वळण लावण्याची मोहीम ऐन भरात आली होती. ज्या तीन महिन्यांत जगातला कुठलाच वास सोसत नाही, नेमक्या त्याच तीन महिन्यांत आपण जिथे जाऊ तिथे कुणीतरी मोठ्या अभिमानाने "आई, बघ!" म्हणून काहीतरी दाखवायला बोलावत असतं. बरं, पोटात बाळ आहे हे कळल्यावर मोहीम उलट्या दिशेने निघाली. थोरले पुन्हा डायपर मागू लागले, पुन्हा बाटलीने दूध मागू लागले, बोबडं बोलू लागले. डॉक्टर म्हणाल्या, "पाठचं येणार असलं की मुलं असं करतात. रागावू नका." मी रागावले नाही. मला फक्त एवढंच वाटलं की मागे जायची मुभा घरात एकट्यालाच का?

या साऱ्या गदारोळात आतले मात्र गप्प होते. ना रडणं, ना हट्ट, ना 'मीच लिफ्टचं बटण दाबणार'. जे मिळेल ते खाऊन आपल्या जागी वाढत होते. घरातलं एकमेव समजूतदार माणूस अशी त्यांची माझ्या मनात ख्याती झाली. न रडणाऱ्याकडे कोण बघतं? त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्षही तेवढंच झालं.

डॉक्टरांनी सूचना दिल्या, "जड उचलू नका. दुपारी आडव्या व्हा. डाव्या कुशीवर झोपा." मी मान डोलावत होते आणि जड वस्तू माझ्यासमोर दोन्ही हात वर करून "कडेवर!" असं ओरडत होती. दुपारी आडवं होण्याचंही तसंच. आई आडवी झाली याचा अर्थ थोरल्यांच्या लेखी एकच, घोडा बसला. डाव्या कुशीवर तर ते हक्काने मांड ठोकतात, कारण उजवीकडे भिंत आहे.

गोळ्यांची कथा निराळी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नसते, कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. लोहाच्या आगेमागे चहाही नको. पहिल्या वेळी मी याचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. या वेळी भिंत थोरल्यांची आहे. शिवाय लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवायला डॉक्टरांनी बजावलं. आता थोरले खुर्ची ओढून ओटा गाठतात आणि ओट्यावरून फ्रिजचा माथा. उरलं कपाटाचं डोकं. तिथे माझा हात पोचत नाही. स्टुलावर चढायला सासूबाईंची सक्त मनाई. म्हणजे गोळी काढून देणार नवरा, आणि तो येणार रात्री साडेनऊच्या पुढे. तोवर थोरल्यांना थोपटता थोपटता मी त्यांच्याआधी झोपलेली. अशा रीतीने घरातलं सगळं लोह कपाटावर सुखरूप होतं, फक्त माझ्या रक्तात उतरत नव्हतं. हिमोग्लोबिनचा आकडा बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा नवऱ्याने कुलपाचा डबा आणला. किल्ली मंगळसूत्रात अडकवली आहे. बायका विचारतात, नवीन डिझाइन का?

दुसरेपणाचा रोख फायदा सांगायचा तर एका सुईचा. धनुर्वाताच्या लसीचे पहिल्या वेळी दोन डोस झाले होते. त्यानंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर एकच बूस्टर पुरतो. ती सुई घेताना थोरले माझ्या मांडीवर होते. सुई मला टोचली, भोकाड त्यांनी पसरलं, लॉलीपॉप त्यांना मिळालं.

पोट मात्र दुसऱ्या वेळी लवकर दिसू लागतं. पोटाचे स्नायू एकदा ताणले गेलेले असतात, त्यामुळे ते फार आढेवेढे न घेता पुढे येतात. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईलाही बसता येतं. पहिल्या वेळी त्या डब्यात शिरताना मी डॉक्टरांचा कागद हातात धरून उभी असायचे. या वेळी पाचव्यातच समोरच्या काकूंनी सरकून जागा दिली. "आठवा ना?" मी म्हटलं, "पाचवा." त्या क्षणभर थबकल्या आणि पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, "मग जुळं असेल. अजून थोडं सरकते."

ऑफिसात पहिल्या वेळी केक कापला होता. या वेळी साहेबांनी "अभिनंदन" म्हणता म्हणताच कॅलेंडर उघडलं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बारा आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली. पण ती पहिल्या दोन मुलांपुरतीच, तिसऱ्यापासून पुन्हा बाराच. सरकारची उमेदही माझ्याइतकीच दिसते. साहेबांनी विचारलं, "मग या रजेत काय करणार?" पहिल्या वेळीही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मी "थोडं वाचन" असं उत्तर दिलं होतं. आता मी नुसती हसले.

सोनोग्राफीला थोरल्यांना नेणं भाग पडलं. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली बसून फॉर्म भरला. त्यात आधीच्या मुलांची माहितीही लिहावी लागते, वयासकट. ती माहिती त्या वेळी पाण्याच्या कूलरचा नळ सोडत होती. आत गेल्यावर पडदा उजळला तशी थोरल्यांनी फर्माईश केली, "छोटा भीम लावा." मग डॉक्टरांनी आवाज वाढवला आणि आतल्यांच्या हृदयाची धडधड खोलीभर घुमली. मला भरून आलं. थोरले टुणकन उडी मारून ओरडले, "जेसीबी!"

तेव्हापासून निकाल लागलेला आहे. गर्भलिंगनिदान कायद्याने बंद आहे, १९९४चा कायदा आहे, शिक्षा आहे. पण तो अडीच वर्षांच्या मुलांना लागू नाही, असा आमच्या नात्यातल्या तमाम मावश्या-आत्यांचा समज आहे. लहान मुलाच्या तोंडून खरं निघतं म्हणतात. त्यामुळे येणारी प्रत्येक जण थोरल्यांना मांडीवर घेऊन, पर्समधून चॉकलेट काढून, लाडीगोडीने विचारते, "सांग बघू, आईच्या पोटात कोण आहे? भाऊ की बहीण?" थोरले चॉकलेट खाऊन संपवतात आणि ठामपणे सांगतात, "जेसीबी." एका आत्यांनी तरीही हार मानली नाही. पिवळा की लाल, असं विचारून बघितलं.

पहिल्या वेळी मी गर्भसंस्कार यथासांग केले. सकाळी स्तोत्रं, दुपारी सतार, रात्री थोरांची चरित्रं. अभिमन्यू सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह भेदायला शिकला आणि मधेच आईला डोळा लागल्याने बाहेर पडायचं तेवढं राहिलं, ही कथा घरात मला इतक्यांदा ऐकवली गेली की मी झोपायलाच घाबरायचे. त्या संस्कारांचं फळ म्हणजे थोरले. सतार लागली की ते कानांवर हात ठेवतात.

या वेळी संस्कार आपोआप होताहेत. बाळाला सहाव्या महिन्याच्या आसपास बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात. आतल्यांनी आजवर जे काही ऐकलं त्याचा गोषवारा असा : "तोंडातून काढ ते." "भिंतीवर नाही, कागदावर." "चप्पल चाटत नाहीत." "आजीचा चष्मा कुठे टाकलास?" "शेवटचं सांगते." "आता खरंच शेवटचं सांगते." अभिमन्यूचा हिशोब खरा असेल तर हे बाळ जन्मताच आजीचा चष्मा जागच्या जागी ठेवेल. सुभद्रेला नेमक्या वेळी झोप लागली म्हणून लोक हळहळतात. मला तिचा हेवा वाटतो. गोष्ट चालू असताना, अंगावर कुणी न चढता झोप!

डोहाळजेवण आमच्याकडे पहिलटकरणीचंच. थोरल्यांच्या वेळी फुलांचे दागिने, झोपाळा, धनुष्यबाण आणि हिरवी साडी असे सगळे सोपस्कार झाले होते. पेढा की बर्फी हा खेळही झाला होता. या वेळी ओटी भरली ती सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांनी, घरच्या घरी. पेढ्याची आणि बर्फीची वाटी झाकून ठेवली, मी हात पुढे करेपर्यंत दोन्ही वाट्या रिकाम्या होत्या आणि थोरल्यांच्या ओठांवर दोन्हींचा पुरावा होता. "जुळं!" भिशी एकमताने म्हणाली. मग एकीने मायेने विचारलं, "डोहाळे कसले लागलेत गं?" पहिल्या वेळी चिंच, कैरी, रात्री अकरा वाजता पाणीपुरी असं सगळं मागून झालं होतं. आता मी प्रामाणिकपणे सांगितलं, "गरम चहा. एकटीने. बाथरूमचं दार लावून." क्षणभर कुणी बोललं नाही. मग दोन मुलांच्या आयांनी एकदम माना डोलावल्या.

तयारी म्हणाल तर माळ्यावरची बॅग खाली काढली, झाली तयारी. झबली, टोपडी, दुपटी, सगळं थोरल्यांचंच. अडचण इतकीच की मालकांनी ते बघितलं. गेले दोन आठवडे ते तान्ह्या बाळाचं टोपडं डोक्याच्या शेंड्यावर बसवून फिरताहेत आणि पाळण्यात त्यांचे सात ट्रक उभे आहेत. बाळ कुठे झोपणार विचारलं तर ते उदारपणे गॅलरीकडे बोट दाखवतात.

आणि आतले? बाळाचं हलणंही दुसऱ्या वेळी लवकर कळतं. पहिल्या वेळी पाचवा संपेपर्यंत मी प्रत्येक हालचालीला गॅस समजत होते. या वेळी ओळखीची टिचकी चौथा सरता सरताच जाणवली. मी दिवसभर चालती-फिरती असेपर्यंत आतले डुलकी काढत असावेत. थोरले झोपले की ते उठतात आणि अंधारात हात-पाय ताणतात. मला वाटायचं, किती समंजस. आपला नंबर लागेपर्यंत थांबतात.

परवा दुपारी थोरले माझ्या पोटाला गाल लावून पडले होते. म्हणजे त्यांच्या ट्रकसाठी पोट हा घाट होता आणि ट्रक थकले होते. अचानक आतून एक सणसणीत लाथ आली. नेमकी त्यांच्या गालावर. थोरले ताडकन उठले, डोळे भरून आले, ओठ थरथरले. "आई, बाळाने मारलं!" असं म्हणून त्यांनी ट्रक उचलला आणि पोटाच्या दिशेने उगारला.

पंचाईत आहे. दोघांत मी मधे, आणि एक जण तर माझ्याच आत. ट्रक काढून घेतला, थोरल्यांचा गाल चोळला, मग त्यांच्या समाधानासाठी पोटाकडे डोळे वटारून बघितलं आणि दरडावलं, "दादाला मारायचं नाही. सॉरी म्हण."

आतून लगेच दुसरी लाथ आली. पहिलीपेक्षा जोरात.

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "हेही ऐकणारं दिसत नाही गं." थोरले डोळे पुसून खुद्कन हसले. घरात आपल्या जातीचं माणूस येतंय, याची त्यांना तेव्हाच खात्री पटली असणार. समजूतदार माणसाची जागा घरात पुन्हा रिकामी झाली आहे.