मनोरा सगळ्यांचा, सज्जा एकाचा

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची वूलवर्थ इमारत 1913 साली उभी राहिली ती पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकून. फ्रँक वूलवर्थने त्या चिल्लरीतून सुमारे 1 कोटी 35 लाख डॉलर रोख मोजले. कास गिल्बर्टने आखलेली ही 792 फुटांची कचेऱ्यांची इमारत 1930 पर्यंत जगात सर्वांत उंच होती. माथ्यावर सज्जा होता. तिकीट काढलं की कुणीही वर जाऊन शहर बघून यायचं. युद्धाच्या काळात, 1941 मध्ये, तो बंद झाला.

2012 मध्ये वरचे 30 मजले एका बिल्डरने विकत घेतले आणि तिथे तीसेक आलिशान फ्लॅट काढले. कळसातलं पाच मजली घर 2017 मध्ये बाजारात आलं, 11 कोटी डॉलर सांगून. तेवढे कुणी दिले नाहीत. पुढे ते सुमारे 3 कोटींना गेलं. पण लोकांचा तो सज्जा त्या एका घराच्या मालकीत गेला, आणि माझं भांडण आहे ते एवढ्याशीच.

कचेऱ्यांची घरं व्हायलाच हवीत. रिकामी इमारत आधी गळते, मग ढासळते. या इमारतीच्या अंगावरच्या टेराकोटाचे हजारो तुकडे 1977 ते 1981 दरम्यान बदलावे लागले. एवढा खर्च वापरात असलेली इमारतच पेलू शकते. शिवाय हे काम सोपं नाही. कचेरीचा मजला खोल असतो, मधोमध दिवसाही दिवे लागतात, आणि झोपायच्या खोलीला खिडकी तर हवीच. वूलवर्थचा मनोरा अरुंद, चारी बाजूंनी उजेड, म्हणून तिथे घरं बसली. खालच्या रुंद मजल्यांवर अजून कचेऱ्याच आहेत. हा निर्णय शहाणपणाचा होता.

पण 1983 मध्ये शहराने याच इमारतीला वारसा म्हणून संरक्षण दिलं. वारसा म्हणजे वारसदार आले. सगळं शहर वारसदार असेल, तर वाटणीच्या वेळी त्याला साधं बोलावणंही का नाही?

दुसरी वाट आहे. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात 1828 ची आर्केड आहे, काचेच्या छताखालचा तीन मजली बाजार. 2008 मध्ये तो बंद पडला. 2013 मध्ये वरच्या दोन मजल्यांवरच्या दुकानांची 48 घरं झाली. बहुतेक इवलीशी, सर्वांत लहान 225 चौरस फुटांचं, आणि स्वयंपाकाला शेगडी नाही, मायक्रोवेव्ह. चार माणसांचा संसार तिथे मांडता येणार नाही, हे खरंच. पण तळमजल्यावर दुकानं राहिली. ग्रॅनाइटच्या खांबांमधून आजही कुणीही आत शिरावं, कॉफी प्यावी, दुसऱ्या रस्त्याला बाहेर पडावं. वर राहणाऱ्यांचं त्याने काही बिघडत नाही.

मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींतला लोकांचा वाटा 2001 च्या नियमबदलात कसा आक्रसला, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. म्हणून अट घालायची ती वापरबदलाच्या परवानगीतच. फ्लॅट विकले गेल्यावर कुणी ऐकत नाही. काही घरं परवडणाऱ्या भाड्याची, तळमजला रस्त्याला उघडा, आणि वूलवर्थसारखा सज्जा असेल तर महिन्यातून एक रविवार लोकांसाठी. 11 कोटी मागणाऱ्याला एवढं नक्कीच झेपलं असतं.