उणे पंधरात बनियनवर

बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्यातून गोंदिया, नागपूर, दिल्ली असं करत एमबीबीएससाठी किरगिझस्तानमधल्या बिश्केकला निघालेल्या मुलाची बॅग उघडून पाहावी. पाव बॅगेत लोणचं आणि चिन्नोर तांदूळ, उरलेल्या पाऊण बॅगेत थंडीची धास्ती. दोन जाड स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे, आजीने आग्रहाने दिलेली शाल आणि ऐन वेळी कोंबलेली रजई. स्वेटर बहुधा तिबेटी विक्रेत्यांकडचे असतात. १९७२ साली आजच्या गोंदिया जिल्ह्यात नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. जगाच्या छपरावरून उतरून जी माणसं पूर्व विदर्भाच्या उन्हात राहायला आली, त्यांच्याकडून आपण लोकरीचे कपडे घेतो आणि थंडीच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण मानतो. अनुभव अस्सल तिबेटचा, माल पुष्कळदा लुधियानाचा. असो. आक्षेप विक्रेत्यांवर नाही, बॅगेवर आहे. माझं म्हणणं एवढंच की हट्ट्याच्या मुलाला जी काही थंडी वाजायची ती हट्ट्यातच वाजून झालेली असते. बिश्केकला गेल्यावर त्याला उकडतं.

हे ऐकून बालाघाट जिल्ह्यातली कोणतीही आई मला वेड्यात काढेल. बिश्केक म्हणजे थियानशानच्या पायथ्याचं शहर, जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधरापर्यंत, कधी त्याच्याही खाली. हे खरंच आहे. पण पारा शहराचा असतो, मुलगा खोलीत असतो. आणि खोलीचा कारभार सोव्हिएत काळापासून वेगळ्याच तत्त्वावर चालतो. १९६१ पासून चालू असलेलं एक भलंमोठं वीजकेंद्र कोळसा जाळून वीज तर करतंच, शिवाय गरम पाणी करून नळांमधून शहरातल्या इमारतींत फिरवतं. खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमधून ते पाणी वाहतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत खोली तापलेली राहते. किती तापावी हे ठरवायचा अधिकार खोलीत राहणाऱ्याला सहसा नसतो. जुन्या रेडिएटरला कमी-जास्त करायची चावीच नसते. शहराने ठरवलं की तुम्हाला ऊब हवी, की हवीच. फार झालं तर खिडकीतली छोटी झडप उघडायची आणि उणे पंधराची हवा वाटीभर आत घ्यायची. जगात इतरत्र लोक थंडी अडवायला खिडकी लावतात, इथे थंडी मागवायला उघडतात.

म्हणून डिसेंबरातल्या व्हिडिओ कॉलवर जे दिसतं ते पुरावा म्हणून सादर करतो. हट्ट्याच्या बाजूला आई: स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला स्कार्फ, पुढ्यात निखाऱ्यांची गोरसी. बिश्केकच्या बाजूला मुलगा: बनियन आणि हाफ चड्डी. आई विचारते, "बाबू, स्वेटर घातला का रे?" आणि बाबू कपाळ पुसत म्हणतो, "आई, इथे लई गरम होते." आईला वाटतं, पोरगं धीर देतंय. तो निव्वळ हवामानाचं वृत्त देत असतो.

आपल्या घरात गारठा का, याचं उत्तर हट्ट्यातच जमिनीखाली आहे. गोंड राजवटीच्या काळातली मानली जाणारी इथली दगडी बावडी पाहावी. पायऱ्या उतरत गेलं की खांब, ओवऱ्या आणि खाली पाणी. आपल्या पूर्वजांनी एवढा खटाटोप कशासाठी केला? पाण्यासाठी तर खराच, पण उन्हापासून पळायलाही. आपलं सगळं बांधकामशास्त्र मे महिन्याला घाबरून रचलेलं आहे. उंच छत, कौलांच्या फटी, मोठं अंगण, सावलीतली ओटी, आणि दाराखाली मांजर सहज जाईल एवढी मोकळी जागा. चैत्र-वैशाखात याच घराला लोक दुवा देतात. डिसेंबरच्या पहाटे मात्र पारा दहाच्या खाली गेला की हेच घर गारवा आत बोलावून बसवून ठेवतं. बाहेर निदान ऊन तरी येतं. म्हणून तर आपल्याकडे माणसं थंडीच्या दिवसात घरातून उठून अंगणात शेकायला जातात, आणि पाहुण्यालाही खुर्ची बाहेरच मांडतात.

यावर पहिली हरकत अशी की मुलगा चोवीस तास खोलीत थोडाच बसतो, कॉलेजला जावंच लागतं. जावं लागतं, पण किती वेळ? होस्टेलचं दार ते खच्चून भरलेली बस, बस ते कॉलेजचं दार. आत शिरताच कोट काढून खाली दालनात जमा करायचा आणि बिल्ला घ्यायचा. वर्गात कोट घालून बसणं तिथे असभ्य समजतात. बाहेरचा खरा शत्रू थंडी नव्हेच, तर फुटपाथवर गोठलेला गुळगुळीत बर्फ. शेतातल्या चिखलात लीलया चालणारा धडधाकट तरुण तिथे पावला-पावलावर हात पसरून तोल सावरत असतो, आणि सत्तरीतली आजी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन शेजारून तुरुतुरु निघून जाते. त्यावर उपाय स्वेटर नाही, खाचांच्या तळाचे बूट आहेत. ते मात्र बॅगेत नसतात.

दुसरी हरकत डोंगराची. डोंगरातलं शहर, तिथे हाडं गोठणारच! पण बिश्केकची उंची साधारण आठशे मीटर. आपली पचमढी त्याहून उंच, चिखलदराही उंच. डोंगर शहराच्या दक्षिणेला उभे आहेत, साडेचार हजार मीटरच्या वरची शिखरं, आणि हिवाळ्यात ती पुष्कळ दिवस दिसतच नाहीत. आणि इथे मात्र विनोद आवरता घ्यावा लागतो. ज्या वस्त्यांपर्यंत गरम पाण्याचे नळ पोहोचलेले नाहीत, तिथे घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटतात. थंड हवा डोंगराच्या पायथ्याशी साचून राहते आणि धूर तिच्यातच अडकतो. हिवाळ्यातल्या काही दिवसांत बिश्केक जगातल्या सर्वांत दूषित हवेच्या शहरांत मोजलं जातं. तेव्हा आईला काळजी करायचीच असेल तर अंगावरच्या स्वेटरची नको, तोंडावरच्या मास्कची करावी. शिवाय सगळं शहर एकाच चुलीवर शेकतं म्हटल्यावर चूल बिघडली की काय होतं, हेही दिसलेलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये कडाक्याच्या थंडीत ते वीजकेंद्र बिघडलं, आणि २ फेब्रुवारी २०२४ ला तिथे स्फोट होऊन कामगार भाजले, कितीतरी घरं गारठली. अशा रात्री आजीची शाल कामी येते, हे मी मान्य करतो. रजईलाही त्या हिशेबात माफी.

आता कोणी म्हणेल, एवढं कौतुक आहे तर हट्ट्यातही घाला की गरम पाण्याचे नळ. हिशेब बसत नाही. आपली खरी थंडी जेमतेम दीड-दोन महिन्यांची, त्यातही दुपारी सदरा नकोसा होतो. तेवढ्यासाठी भिंतीतून नळ फिरवून फटी बुजवल्या, तर मे महिन्यात त्याच घरात माणूस शिजेल. पटत नसेल तर जून-जुलैच्या बिश्केकला विचारा. तिथला उन्हाळाही पारा पस्तिशीपलीकडे नेतो. दुहेरी काचांची, ऊब धरून ठेवायला बांधलेली ती खोली तेव्हाही तितक्याच निष्ठेने ऊब धरून ठेवते. परीक्षेचा अभ्यास करता करता हट्ट्याचा मुलगा सवयीने वर बघतो, तर छताला पंखा नाही. कूलर म्हणजे काय हे तो होस्टेलच्या बाईंना तोडक्या रशियनमध्ये, गवताची जाळी आणि पाण्याची टाकी यांच्या हातवाऱ्यांसह समजावतो. बाई शांतपणे ऐकून घेतात आणि त्याला होस्टेलची रजई परत करायची आहे का, असं विचारतात.