मालक बदलून देण्यात येईल

मँचेस्टर युनायटेडचा मालक कोण असावा, हा प्रश्न सध्या राजुऱ्याच्या पानठेल्यावर ऐरणीवर आहे. सास्तीच्या कोळशाचे ट्रक समोरून धूळ उडवत जातात, ठेलेवाला प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटत असतो, आणि लाल जर्सीतली आमची पोरं ग्लेझर कुटुंबाला निघून जायची शेवटची तारीख देत असतात. जर्सी चंद्रपूरच्या गोल बाजारातली. तिच्यातून ग्लेझरना एक छदाम पोचलेला नाही. म्हणजे आर्थिक बहिष्कार राजुऱ्यापुरता शंभर टक्के यशस्वी आहे.

ग्लेझरांनी 2005 साली क्लब घेतला तो उसनवारीवर, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. समर्थक चिडले. 2010 मध्ये त्यांनी लाल मफलर फेकून हिरवे-पिवळे बांधले. 2 मे 2021 ला थेट मैदानात घुसले, लिव्हरपूलविरुद्धचा सामना त्या दिवशी होऊच दिला नाही. आणि ग्लेझर? आहेत की. 2024 मध्ये उद्योगपती जिम रॅटक्लिफना पाव हिश्श्याहून थोडं जास्त विकलं, बाकीच्यावर अजून बसून आहेत.

“भाऊ, मंग मालक बदलते तरी कसा?” एका पोरानं मला विचारलं.

हा प्रश्न त्यानं राजुऱ्यात उभं राहून विचारावा! मालक बदलण्याचा अनुभव म्हणाल तर मँचेस्टरनं आमच्याकडे शिकवणी लावावी. आमचा तालुका 1948 पर्यंत निजामाचा. मग हैदराबाद राज्याचा, जिल्हा आदिलाबाद. 1956 साली नांदेडात गेला, 1959 साली चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. गाव जागचं हललं नाही, कागदावरच गावाचा पत्ता बदलत राहिला.

शेजारी कोरपन्याकडे बघा. आवारपूरचा सिमेंट कारखाना एल अँड टीचा होता, 2004 मध्ये अल्ट्राटेकचा झाला. गडचांदूरचं माणिकगड सेंच्युरीचं होतं, 2019 मध्ये तेही अल्ट्राटेककडे गेलं. उपरवाहीची अंबुजा आधी स्विस होल्सिमच्या ताब्यात गेली, 2022 पासून अदानींची आहे. एवढे सौदे झाले, पण आमच्या भागात कुणी हिरवा-पिवळा मफलर बांधला नाही. आम्ही नव्या साहेबाला हार घातला, शाल दिली, पोराला कामावर लावण्याचा अर्ज दिला. जुन्या साहेबाला दिलेल्या अर्जाची झेरॉक्स होतीच.

पण जिवतीच्या डोंगरावर वेगळाच प्रकार आहे. तिथल्या 14 गावांवर महाराष्ट्रही हक्क सांगतो, तेलंगणाही. लोकांकडे दोन राशनकार्डं, नाव दोन मतदार याद्यांत, शाळा एक मराठी आणि एक तेलुगू. इकडून योजना आली की तिकडूनही येते. जगातल्या कुठल्या क्लबच्या समर्थकाला दोन मालक असे विनवणी करत असतील? जमिनीचा पट्टा मागितला की दोघेही सीमेकडे बोट दाखवतात, ती गोष्ट निराळी. पण मालकाला समर्थकाची गरज लागली तरच तो वाकतो, हे त्या डोंगरावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं मँचेस्टरात दिसत नाही.

कोलकात्याची गंमत ऐका. ईस्ट बंगालमध्ये 2020 साली श्री सिमेंट आली. (सिमेंट! आमची पोरं लगेच सरसावून बसली.) अंतिम करारावर क्लबचे पदाधिकारी सही करीनात, तेव्हा 21 जुलै 2021 ला समर्थक क्लबच्या दारात जमले. त्यांच्यातच दोन तट, एक म्हणतो सही करा, दुसरा म्हणतो क्लब विकू नका. शेवटी पोलिसांच्या लाठीनं दोघांत एकमत घडवलं. पुढच्या वर्षी सिमेंटवाले आपणहून गेले आणि इमामीवाले आले.

मोहन बागानवाले जास्त चिवट. 2020 मध्ये उद्योगपती गोएंकांनी 80 टक्के हिस्सा घेतला आणि क्लबच्या जुन्या नावापुढे ‘एटीके’ ही तीन अक्षरं चिकटवली. समर्थक तीन वर्षं एकच घोषणा देत राहिले, एटीके काढा. 18 मार्च 2023 ला गोव्यात फातोर्ड्याला संघानं इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली आणि त्याच रात्री गोएंकांनी स्वतः जाहीर केलं की काढलं. मालक तोच राहिला, पाटी मात्र लोकांनी बदलून घेतली. तिजोरी त्याची असली तरी नाव यांचं होतं, आणि नावाशिवाय तिजोरीला गिऱ्हाईक नव्हतं.

पुणेकरांना एवढीही सवड मिळाली नाही. एफसी पुणे सिटी 2014 ला आली, हृतिक रोशनसकट. 2019 ला आटोपली आणि तिची जागा हैदराबादला गेली. 2025 मध्ये हैदराबादचा संघ उठून दिल्लीला गेला. आम्ही हैदराबादेतून सुटायला किती खटपट केली, आणि पुण्याचा फुटबॉल आपणहून तिकडे! त्याच वर्षी आयएसएलच्या व्यावसायिक हक्कांची निविदा निघाली, तर नोव्हेंबरातल्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. ‘मालक हटाव’ म्हणायला आधी मालक तरी हवा.

जर्मनांनी सोय आधीच करून ठेवली आहे. क्लबमधली निम्म्याहून एक जास्त मतं सभासदांची, असा 1998 पासूनचा नियम. तरी डिसेंबर 2023 मध्ये लीगनं गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तेव्हा समर्थकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामन्यामागून सामने अडवले. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगनं सौदा गुंडाळला. राजुऱ्यात हा मार्ग चालायचा नाही. एवढे टेनिस बॉल फुकट पडलेले दिसले तर आमची पोरं तिथंच क्रिकेट सुरू करतील.

आणि कोल्हापूर? तिथं हा प्रश्नच उद्भवत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, हे सगळे तालमींचे संघ, आणि तालीम पेठेची. शाहू स्टेडियमवर ‘मालक चले जाव’ ओरडावं तर मालक शेजारच्या पायरीवर शिट्टी फुंकत बसलेला. हुल्लडीपायी सामने बंद पडायची वेळ येते, पण सामना बंद पाडणाराही हिस्सेदारच.

हे सगळं ऐकून आमच्या पोरांनी ठरवलं, आता राजुऱ्यातही जर्मन नियम. निमित्त रात्रकालीन सामन्यांचं. बॅनरवर 51 टक्के जागा खेळाडूंच्या फोटोंना, प्रायोजकाला 49. ठराव एकमतानं पास झाला. शिष्टमंडळ प्रायोजक शेठकडे गेलं. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं.

“काई हरकत नाई,” तो म्हणाला. “मंग बॅनर, लायटिंग, ट्रॉफी, याचे पैसेबी 51 टक्के तुमीच द्या.”

पोरं बाहेर आली. खिसे चाचपून झाले. महिनाभर खर्रा बंद ठेवला तर किती जमतील, याचा हिशेब कुणीतरी काढला, आणि तो आकडा ऐकून सगळेच गंभीर झाले. अखेर गोलकीपरनं तोड काढली.

“त्याले अध्यक्षच करून टाकू ना बे. अध्यक्षाचा फोटो मोठाच लागते.”