फुटाला दीड सूत

जव्हार-मोखाड्यात पाणी थांबत नाही, ही तक्रार फार जुनी. जून ते सप्टेंबर इथं पाऊस असा कोसळतो की छत्री केवळ शिष्टाचार म्हणून बाळगायची. पण खाली काळा पाषाण आणि वर उतार. पडलेलं पाणी मागं वळूनही न बघता ओहोळांतून पिंजाळ नि वैतरणा गाठतं. त्यातलं काही पुढं मुंबईकरांच्या नळाला येतं आणि इकडं उन्हं तापली की मोखाड्यातले कित्येक पाडे हंडे मांडून टँकरची वाट बघत बसतात. 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा बदलला, ठाण्याचा पालघर झाला. उतार होता तसाच राहिला.

अशा मुलखात पाणी जागच्या जागी थांबवून दाखवलं ते जव्हारच्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असे एक गुरुजी प्रत्येक आळीत असतात. कुठं ते ग्रामसेवक असतात, कुठं पोस्टातून सुटलेले. स्थळ, घरची मोरी. हल्लीच्या भाषेत बाथरूम. पाच फूट बाय चार.

मोरीचा जुना कोबा दारापाशी खचला होता. जोत्यात भराव टाकताना मुरूम थराथरानं ओला करून धुमसानं चोपायचा असतो. तो ज्यानं चोपला त्यानं बहुतेक जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा थर चोपला आणि नंतरचा तसाच सोडला. वरून तीन-चार दशकं बादल्या आपटल्या, खालची माती बसली, कोबा पोकळीवर अधांतरी राहिला. हातोडीच्या दांड्यानं ठोकलं की बद्द आवाज यायचा. अंघोळीचं पाणी जाळीकडं पाठ फिरवून उंबऱ्याकडं यायचं आणि तिथून झोपायच्या खोलीत डोकावायचं.

मिस्त्री बोलवावा, तर मिस्त्री जव्हारात कुठला असायला? दिवाळी झाली की इथली माणसं बिऱ्हाडासकट बाहेर पडतात. कुणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, कुणी वसई-विरारच्या बांधकामांवर, कुणी नाशिकला. होळीला घरी येतात, शिमगा करतात, पुन्हा जातात. विरारच्या बाराव्या मजल्यावरची फरशी ज्यांच्या हातानं बसते त्यांच्या स्वतःच्या गावातल्या मोऱ्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत खोळंबून असतात. गुरुजींच्या ओळखीचा मिस्त्री फोनवर म्हणाला, ‘‘गुरुजी, मी वसईला. मिरगाच्या आत येतो.’’

मिरगाला अडीच महिने होते. गुरुजींनी तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. पाणी आपली पातळी आपण शोधतं, हे फळ्यावर लिहून लिहून त्यांचा उजवा खांदा धरलेला. शिवाय मोबाईलवर त्यांनी एक परदेशी माणूस पाहिला होता. तो बादलीत कसलीशी भुकटी कालवतो, जमिनीवर ओततो आणि ती आपसूक पसरून आरशासारखी सपाट होते. तसली भुकटी जव्हारच्या दुकानात मागितल्यावर दुकानदारानं वॉटरप्रूफिंगचा डबा पुढं केला आणि ‘‘हेच चालतं सगळीकडं’’ म्हणाला. गुरुजी डब्याऐवजी सिमेंटच्या दोन गोण्या आणि दोन फुटी पाणसळ घेऊन घरी आले. पाणसळीतला हिरवा बुडबुडा त्यांना इतका आवडला की पहिल्या संध्याकाळी त्यांनी तिच्यावर घरातलं टेबल, दोन्ही खाटा आणि शेजाऱ्यांचा ओटा तपासला. सगळे नापास.

जुना कोबा फोडण्यात तीन दिवस गेले. त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, शेजाऱ्यांकडं असेल.

मग भिंतीवर सगळीकडं एकाच उंचीची खूण करायची होती. त्यासाठी पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन भिंतींना लावायची. एक टोक गुरुजींकडं, दुसरं त्यांच्या पत्नीकडं, म्हणजे बाईंकडं.

‘‘थांबलं का?’’

‘‘हलतंय अजून.’’

‘‘आता?’’

‘‘अहो, माझ्याकडं हलतच नाही आता.’’

‘‘अगं, टोकावर अंगठा ठेवलास का?’’

‘‘मग पाणी सांडू देऊ? टँकर तुमचा येतो का?’’

अंगठा ठेवला की हवा कोंडते आणि पाणी पातळीवर येत नाही. नळीच्या पोटात बुडबुडा अडकला तरी खूण चुकते. या दोन्ही गोष्टी कळेपर्यंत भिंतीवर पेन्सिलच्या अकरा खुणा झाल्या. त्यातली खरी कोणती, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

पुढं माल. वीस चौरस फुटांवर सरासरी दोन इंच थर, एकास चार प्रमाण, म्हणजे हिशेबानं सिमेंट पाऊण गोणी. गुरुजींना दीड लागली. कोब्याचा माल कोरडसर हवा. मूठ वळली की लाडूसारखा राहावा, हाताला पाणी सुटू नये. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, माल आकसतो आणि तडे जातात. इथून जवळच वैतरणेवर मुंबई महापालिकेनं मध्य वैतरणा धरण बांधलं, 102 मीटर उंच. त्याचं काँक्रीट तर इतकं कोरडं होतं की थरावर थर पसरून वरून रस्त्यासारखा रोलर फिरवला. गुरुजींचा माल पिठल्यासारखा झाला. त्यांनी तो मुद्दाम तसा केला होता, कारण परदेशी माणसाचा माल वाहत होता. पाटा ओढला, रंधा फिरवला, वर नुसतं सिमेंट घोटलं आणि चारी कोपऱ्यांत, मधोमध, आडवी, तिरपी अशी पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये ध्यान लावून बसलेला.

दुसऱ्या दिवसापासून क्युरिंग. दाराशी मातीची वरंबी घातली, जाळीत फडक्याचा बोळा कोंबला आणि बोटभर पाणी भरून ठेवलं. सात दिवस पाणी इकडचं तिकडं झालं नाही. जिथं मोजावं तिथं बोटभरच. गुरुजींनी आळीतल्या माणसांना आणून दाखवलं. माणसंही ‘‘वा’’ म्हणाली. पाणी टिकलेलं दिसलं की इथल्या माणसाच्या तोंडून वा निघतंच.

आठव्या दिवशी बोळा काढला, वरंबी काढली. पाणी सात दिवसांच्या सवयीनं तिथंच बसून राहिलं.

पहिल्या अंघोळीत सगळी मोरी घोटाभर फेसानं भरली. जाळीच्या अगदी कडेचं तेवढं खाली उतरलं, बाकीचं विचार करत राहिलं. गुरुजींनी खराटा घेऊन ते जाळीपर्यंत पोचवलं. पुढचे कित्येक आठवडे त्या घरात प्रत्येक अंघोळीनंतर अंघोळीइतकाच वेळ खराटा चालत होता.

परदेशी माणसानं फसवलं असं नाही. त्याच्याकडं पाणी टबात किंवा काचेच्या खोक्यात पडतं. बाकीच्या बाथरूममध्ये तो कोरड्या पायांनी, बहुधा मोजे घालून हिंडतो. त्याला सपाट जमीन शोभते. आपण बादलीशेजारी पाटावर बसून तांब्यानं चहूकडं पाणी उडवतो. आपल्या सगळ्या मोरीलाच टबाचं काम करावं लागतं, आणि आपोआप सपाट होणारी भुकटी नेमकी उतारालाच नकार देते.

वैशाखात मोखाड्याहून बाईंची मावशी आली. कुडाच्या घरात आयुष्य गेलेलं. मुरमाची माती चोपण्यानं चोपायची, शेणानं सारवायची, सारवतानाच हाताच्या दाबानं पाण्याच्या कोपऱ्याकडं ढाळ काढायचा. पाणसळ तिनं पाहिलेली नाही. हातपाय धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘जावईबापू, खाचर ब्येस केलात. रोपं आणू का? आवणी करून टाकू.’’

गुरुजींना हे लागलं. पण म्हातारीचं चूक नव्हतं. भाताच्या खाचरात चिखलणी झाल्यावर फळी फिरवतात, तेव्हा उंचवटा पाण्याबाहेर डोकं काढतो आणि खळगा बुडतो. तिथं पाणी राहायला हवं, म्हणून जमीन सपाट करायची. मोरीतलं पाणी जायला हवं. बाईमाणसाला दोन्ही ठाऊक असतं, कारण दोन्हीकडं वाकायचं तिलाच असतं.

मिस्त्री मिरगाच्या चार दिवस आधी आला. दारातूनच त्यानं तांब्याभर पाणी ओतलं, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘गुरुजी, हे कुणी केलं?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘होता एक.’’ मिस्त्री समजूतदार. ‘‘लेव्हल मात्र कडक आहे हो,’’ म्हणाला.

मिस्त्रीचा हिशेब असा. इंचाचे आठ सूत. मोरीला फुटाला दीड सूत ढाळ. पाच फुटांना साडेसात सूत, म्हणजे इंचाला अर्धं सूत कमी. डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळत नाही, पाण्याला तेवढ्यात कळतं. त्यानं छन्नीनं कोब्याला टाचे मारले, पाणी मारून सिमेंटची रबडी शिंपडली आणि नवा माल पसरला. मग गुरुजींची पाणसळ मागितली. दोन फुटी पाणसळ, दोन फुटांना ढाळ तीन सूत, आणि फरशीचा तुकडा बरोबर तीन सूत जाड. तो तुकडा त्यानं पाणसळीच्या एका टोकाखाली चिकटवला. ते टोक जाळीकडं धरायचं. बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर. अर्ध्या दिवसात काम उरकलं. मावशीनं लोटा ओतला. पाणी भिंतीपासून निघालं, कुठं रेंगाळलं नाही, थेट जाळीत गेलं आणि बहुधा रात्रीपर्यंत वैतरणेला मिळालं.

पाऊस लागल्यावर गुरुजी घरात अडकले, तेव्हा त्यांनी देवघराची नवी फळी बसवायला घेतली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आणला, स्क्रू आवळले. संध्याकाळी समईतलं तेल एका कडेला जमलं. बाईंनी हात जोडता जोडता मान तिरकी केली.

‘‘अहो, गणपती मोरीकडं निघालेत.’’

गुरुजींनी उजव्या बाजूला जुन्या पंचांगाची घडी सरकवली. फरशीचा तुकडा पाणसळीला अजून चिकटलेलाच आहे.