अर्ध्या चौरस फुटाची मालकीण

पस्तिशी ओलांडलेली, अविवाहित, कमावती मुलगी आईवडिलांकडे राहत असली, की लोकांना तिची काळजी वाटते. तिने स्वतःचं घर घ्यायचं काढलं, की तीच काळजी तिच्या आईवडिलांकडे वळते. "काय हो, घरात काही झालं का?" असं समोरच्या काकूंनी आईला जिन्यात गाठून विचारलं, तेव्हा मी एका जाहिरातीतल्या नंबरवर फक्त मिस्ड कॉल दिला होता.

डोंबिवलीतल्या आमच्या घराबद्दल माझी तशी काहीच तक्रार नाही. बाबांनी ते १९८८ साली एक लाख दहा हजारांना घेतलं. भाडं नाही, हप्ता नाही, गरम पोळी पानात, इस्त्रीवाल्याचा हिशेब परस्पर. यातून बाहेर पडावंसं वाटणं म्हणजे सुख बोचणं, असं मावशीचं मत. पण फुकट राहण्याचंही भाडं असतं आणि ते उत्तरांच्या रूपात भरावं लागतं. ऑफिसात ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन येतो, "रात्री जेवायला आहेस का?" 'आहे' म्हटलं तर "मग वेळेत ये." 'नाही' म्हटलं तर "कोणाबरोबर?" आणि 'बघते' म्हटलं तर "बघते म्हणजे? कणीक किती भिजवू?"

कुरिअरवाला आला की दुसरी फेरी. "काय मागवलंस? केवढ्याला पडलं?" किंमत सांगताना मी तिला तीनने भागते. आई ऐकल्याबरोबर तिला दोनने गुणते. त्यामुळे घरात माझ्याबद्दल जो काही उधळपट्टीचा अंदाज आहे, तो खऱ्याच्या दोन तृतीयांश आहे आणि तेवढ्यावरही बाबा पंखा बंद करतात. आमच्या गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, एवढं सांगितलं की बाकीचं सांगायला नको.

शिवाय 'माझी खोली' म्हणतात ती खोली. पलंगाच्या पोटात तांब्यापितळेची भांडी, 'तुझ्या लग्नात लागतील' म्हणून. कपाटाच्या वरच्या दोन फळ्यांवर आईच्या ठेवणीतल्या साड्या. दारामागे बाबांची छत्री, कारण बाहेर ठेवली तर कोणीतरी नेईल. इतक्या वहिवाटदारांच्या गर्दीत मी कशीबशी कूस बदलते.

तर घर घ्यायचं ठरलं. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी ताबडतोब कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची कोरी बाजू समोर ओढली आणि आकडे मांडले. घराची किंमत साठ लाख, चटई क्षेत्र ४०० चौरस फूट. एवढ्या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देणार, म्हणजे ४८ लाख. बाकीचे बारा लाख मी साठवलेले. ते कसे साठले हे, गरम पोळीचा उल्लेख वर आलाच आहे, वेगळं सांगत नाही. साडेआठ टक्के दर, वीस वर्षं मुदत. हप्ता ४१ हजार ६५५.

"वीस वर्षांत फेडशील ९९ लाख ९७ हजार," बाबा म्हणाले. "कोटीला तीन हजार कमी. तेवढी सूट दिलीय त्यांनी."

मग त्यांनी पहिला हप्ता फोडून दाखवला. त्यातले ३४ हजार निव्वळ व्याज; मुद्दलात जाणार ७ हजार ६५५. पंधरा हजार रुपये चौरस फुटाच्या भावाने पहिल्या महिन्याच्या हप्त्यातून माझ्या खात्यावर जमा होणार अर्धा चौरस फूट.

"एका पायावर उभी राहू शकशील," बाबा म्हणाले. "दुसरा पाय पुढच्या महिन्यात टेकव."

बाबांचं मोजमापाचं एकक ठरलेलं आहे. १९८८ सालचं घर हे ते एकक. साठ लाख म्हणजे साडेचोपन्न घरं. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलं तर वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख. "म्हणजे पावणेतीन घरं नुसती करात," असं म्हणून त्यांनी भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलीच इमारत बघायची, कारण तिथे जीएसटी लागत नाही, असा फतवा काढला.

घर बघायला आम्ही तिघं गेलो. खरं तर मी एकटीच जाणार होते, पण चपला घालून वळले तर दोघं तयार होऊन दारात उभे. तिथल्या तरुणाने आम्हाला सजवलेला सॅम्पल फ्लॅट दाखवला. काय ती मोकळीक! बाबांनी खिशातून मेजर टेप काढला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. रेरा आल्यापासून, म्हणजे महाराष्ट्रात २०१७ पासून, चटई क्षेत्रावरच व्यवहार करावा लागतो; जिना आणि लिफ्टसमोरची जागा आपल्या माथी मारता येत नाही आणि बाल्कनीही त्यात धरत नाहीत, हे बाबांनी त्या तरुणाला ऐकवलं. त्याने हे आधी ऐकलं असावं, पण इतक्या खड्या आवाजात नसावं. मोजमाप अगदी बरोबर निघालं. त्यामुळे बाबांचा संशय आणखी वाढला. ते बेडरूममध्ये गेले आणि चादरीची घडी मोडून पलंगावर सरळ आडवे झाले. पावलं पोटऱ्यांपर्यंत बाहेर! "पलंग मुलांचा आहे," ते छताकडे बघत म्हणाले, "आणि खोल्यांना दारं लावलेली नाहीत. दार उघडलं की कपाट उघडणार नाही."

आई स्वयंपाकघरात होती. तिने ओट्याची उंची स्वतःच्या कोपराला लावून बघितली आणि विचारलं, "गव्हाचं पिंप कुठे ठेवायचं?"

"आई, मी एकटी राहणार आहे. मला पिंप कशाला?"

"मग पाहुण्यांना काय घालशील?"

"कोण पाहुणे?"

"आम्ही!"

तो तरुण फार समंजस होता. तो म्हणाला, "मॅडम, पिंप बाल्कनीत राहील." "पावसाचं?" आईने विचारलं. यावर त्याच्या माहितीपत्रकात काही नव्हतं.

शेवटी आमच्याच गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या इमारतीत, खरी दारं आणि खरी कपाटं मावणारं एक घर ठरलं. बँकेने घराला सहमालक आणि कर्जाला सहकर्जदार असला तर बरं, असं सुचवलं. बाबांनी छाती पुढे काढली. पण नियम वाचणारेही तेच. घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. म्हणजे आमचे साठ हजार वाचणार. बाबांचं नाव घातलं की ते गेले.

"अर्ध्याहून जास्त घर," असं पुटपुटत बाबांनी अर्जावरून स्वतःचं नाव खोडलं. पूर्वी अशी सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशीही अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली, हे कळल्यावर आई हळहळली. "चांगली होती की," ती म्हणाली.

अशा रीतीने आई सहमालकीण झाली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती ठेवणीतली साडी नेसून आली. कॅमेऱ्यासमोर बसताना पदर सारखा केला. पण अंगठा टेकवायची वेळ आली तशी अडून बसली. "मला सही येते. मॅट्रिकला संस्कृतात ऐंशी होते." सगळ्यांचाच अंगठा घेतात, कलेक्टर आला तरी घेतात, असं तिथल्या कारकुनाने समजावल्यावर तिने आधी ठसठशीत सही केली आणि मग त्याच्यावर उपकार म्हणून अंगठा दिला. इंडेक्स टू हातात आलं तेव्हा तिने चष्मा पुसून स्वतःचं नाव, मधलं नाव आणि आडनाव तीनदा वाचलं. माहेरचं घर आजोबांच्या नावावर, सासरचं सासऱ्यांच्या, डोंबिवलीचं बाबांच्या. कागदावर मालकीण म्हणून ती पहिल्यांदाच लागली होती. बाबा नोंदणी फीची तीस हजारांची पावती उलटसुलट तपासत होते, त्यामुळे त्यांना यातला धोका तेव्हा लक्षात आला नाही.

तो परवा आला. आई अंघोळीला असताना बाबांनी सवयीने गिझर बंद केला. साबण डोळ्यांत, पाणी गार. ती बाहेर आली ती टॉवेल डोक्याला गुंडाळून, नव्या घराची किल्ली मुठीत घेऊनच.

"मी माझ्या घरी जातेय."

"तुझं घर? हप्ता तर ही भरतेय!" बाबा म्हणाले.

"भरेना का," आई म्हणाली. "एवढी पस्तिशीची मुलगी आईकडे राहणार म्हटल्यावर घरात काही द्यायला नको?"