मी मीच असल्याबाबत

तंत्रज्ञानाच्या बातम्यांत खानदेशचं नाव सहसा येत नाही. एकदा आलं, आणि ते आम्ही अजून निस्तरतो आहोत. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. टेंभली आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण १ जुलै १९९८पर्यंत तो सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे मान घ्यायची वेळ आली की धुळेकर तो आपल्याकडे ओढतात. एरवी कुठलीही योजना मुंबईहून निघून आमच्यापर्यंत पोचेतो तिचा दम गेलेला असतो. ही एक मात्र आमच्यापासून सुरू झाली. दर चार-दोन वर्षांनी वार्ताहर टेंभलीला जातात, ‘आधारने काय बदललं?’ असं विचारतात आणि अंधार पडायच्या आत परत फिरतात.

एवढ्या लांब जायची गरज नाही. काय बदललं ते जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कळेल. पूर्वी माणूस कोण आहे हे गावाला ठाऊक असायचं. कुणाचा मुलगा, कुठल्या भाऊबंदकीतला, आजोबांनी बांध किती सरकवला होता, सगळं. स्वतःबद्दल काही सिद्ध करायला त्याला वावच नव्हता. आता ते काम त्याच्याकडे सोपवलंय, आणि ते एकदा करून संपणारं नाही. मी मीच आहे हे मी मार्चमध्ये सिद्ध केलेलं असलं तरी जूनमध्ये शंका घ्यायला जागा असते.

रेशन दुकानात हे जवळून बघायला मिळतं. दुकानदार समोरच्या म्हाताऱ्याला पुरता ओळखतो. त्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वरण वाढायला तोच होता. म्हातारा यंत्रावर अंगठा ठेवतो. यंत्र म्हणतं, जुळत नाही.

“जिभाऊ, पुसून ठेवा.”

जिभाऊ अंगठा धोतराला पुसतात. जुळत नाही. मागून कुणीतरी सुचवतं की अंगठा डोक्यावरून फिरवा, केसांचं तेल लागलं की ठसा उमटतो. जिभाऊ टोपी काढतात. टोपीखाली तशी सोय फार वर्षांपूर्वीच संपलेली असते. मग रांगेतला एक सज्जन आपलं डोकं पुढे करतो. खानदेशात माणुसकी अजून शिल्लक आहे असं म्हणतात ते खोटं नाही.

यातलं शास्त्र सोपं आहे. बोटावरच्या रेषा जिथे तुटतात, जिथे फुटून दोन होतात, त्या जागा टिपायच्या आणि नोंदणीच्या वेळी टिपलेल्या जागांशी ताडून पाहायच्या. अडचण एवढीच की आमच्याकडे या रेषांना इतरही कामं असतात. दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचायला लागलं की बोंडाची वाळलेली टोकं बोटांवर स्वतःच्या रेषा काढतात, आणि त्या आधारवर नोंदवलेल्या नसतात. केळीच्या बागेत राबणाऱ्याच्या हाताला चीक बसतो तो साबणाने जात नाही. हे सगळं दिल्लीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. माणसाच्या दहा बोटांपैकी यंत्राला सर्वांत जास्त पटणारं बोट कोणतं, ते शोधून द्यायची व्यवस्थाही आधारवाल्यांनी केली होती. जन्मभर शेतात खपलेल्या माणसाचं सर्वोत्तम बोट करंगळी निघायची शक्यता जास्त, कारण तिने कधी काही केलेलंच नसतं.

पिकांचंही आता तेच. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. त्याआधी पीक पाहणी तलाठ्याकडे असायची, आणि काही तलाठ्यांना चावडीत बसल्या जागेवरून सहा मैलांवरचा कापूस दिसायचा. ती दिव्यदृष्टी एका ॲपने मोडीत काढली. आता कापसाला आपण कापूस असल्याचं कॅमेऱ्यासमोर उभं राहून दाखवावं लागतं. कापूस सोसतो, त्याला डोळे मिचकवायला सांगत नाहीत.

आमच्या आप्पांना सांगतात. आप्पा धुळ्याचे, निवृत्त मुख्याध्यापक. पेन्शन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. आप्पा पूर्वी त्यासाठी बँकेत जात. काउंटरवर त्यांचा विद्यार्थीच होता, नववीला दोनदा बसलेला. तो उभा राहून नमस्कार करायचा, आप्पा ‘बस’ म्हणायचे, सही व्हायची. त्या ‘बस’मध्ये हयातीचा जितका पुरावा होता तितका कुठल्या दाखल्यात नसेल. पण १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला आला, २०२१मध्ये त्याला चेहरा दाखवायची सोय जोडली गेली, आणि आप्पांना घरबसल्या जिवंत असणं शक्य झालं.

नातू फोन धरून बसतो. पडद्यावर एक गोल. त्यात आप्पांचं तोंड बसलं पाहिजे. मग सूचना येते.

“आप्पा, डोळे मिचकवा.”

“मिचकवतोय.”

“तुम्ही मिटून बसलाय.”

“मिटल्याशिवाय मिचकवणार कसे?”

अठ्ठावीस वर्षं आख्ख्या शाळेला डोळे वटारून ज्यांनी शिस्त लावली त्यांना कुणी, तेही फोनने, डोळे मिचकवायला सांगावं, याचा आप्पांना जो राग येतो तो चेहऱ्यावर उतरतो, आणि यंत्राला तो चेहरा ओळखू येत नाही, कारण आधारच्या फोटोत आप्पा भेदरलेले आहेत. मोठीमाय स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यांना एकदा जोरात ओरडू दे त्या फोनवर. लगेच पटंल त्याला.” ओरडण्याची सोय ॲपमध्ये अद्याप नाही. शेवटी दाखला निघाला. आप्पांनी प्रिंट मागितली. फोनमधल्या हयातीवर त्यांचा विश्वास नाही.

माणसाने डोळे मिचकवायचे, अंगठा पुसायचा, चष्मा काढायचा, उजेडाकडे तोंड करायचं. यंत्राने काय करायचं? यंत्राला सवलती आहेत. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द उच्चारले की ते सगळ्यातून मोकळं. मी रांगेत उभा राहून ‘आज मी डाऊन आहे, उद्या ओळखा’ असं सांगितलं तर कुणी ऐकून घेईल असं वाटत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकी कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले संगणक निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने असे ८५ लाख. विमानं जमिनीवर राहिली, दवाखाने अडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या पासांचे फोटो लोक नवलाने एकमेकांना पाठवत होते. आमच्याकडे यातली बातमी कोणती ते कुणाच्या लक्षात येईना. संगणक बंद, माणसं ताटकळलेली, कुणीतरी पेनाने कागदावर काहीतरी लिहून देतोय: याला जळगाव-धुळ्यात मंगळवार म्हणतात. फरक असलाच तर एवढा, की विमानतळावर दिलगिरी व्यक्त करतात.

दुसरी सवलत उन्हाची. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीस ओलांडतो, त्याची आम्हाला सवय आहे, थोडा अभिमानही आहे. भुसावळने आमच्यापेक्षा जास्त दाखवला तर वाईट वाटतं. पण फोनला हे झेपत नाही. भर दुपारी केळीच्या गाडीवाल्याला पैसे द्यायला तो खिशातून काढावा, तर पडदा अंधारतो आणि सूचना येते की फोन तापला आहे, थंड होऊ द्या. गाडीवाला सकाळपासून त्याच उन्हात उभा आहे. त्याच्यावर अशी कुठलीही सूचना उमटत नाही. आम्ही दोघं मिळून फोनला झाडाखाली नेतो. हवामानाचं ॲप त्यातून सावरलं की कळवतं: बाहेर जाणं टाळा.

पैसे गेल्याचं मग सगळ्या रस्त्याला कळतं. दुकानातला तो छोटा डबा, ‘दहा रुपये प्राप्त हुए’ म्हणणारा, याच्याविरुद्ध माझी तशी तक्रार नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवून पळणाऱ्यांमुळे तो आला, आणि दुकानदाराला त्याचा आधार आहे. पण आवाज जरा बेताचा ठेवता आला असता. शेजारचे एक गृहस्थ घरी ‘डायबेटिस आहे, गोड बंद’ असं सांगतात आणि कोपऱ्यावर जिलेबी घेतात. डब्याने रक्कम पुकारली. बाईंनी गच्चीतून ऐकली आणि चाळीस रुपयांत किती ग्रॅम बसते याचा हिशोब त्यांनी तिथल्या तिथे केला. आमच्या लग्नांत आहेराची रक्कम माईकवरून सांगायची पद्धत होती, त्यामुळे जाहीर पुकाऱ्याचं आम्हाला वावडं नाही. पण मांडवातला माणूस रक्कम कमी असली की नाव पुटपुटायचा. तेवढी समज डब्यात घातलेली नाही.

आता ओटीपी. यावर मला जरा सविस्तर लिहायचं होतं म्हणून बाकीचं आटोपतं घेतलं.

ओटीपी कुणालाही सांगू नका. हे मला बँक सांगते, सरकार सांगतं, आणि जून २०२५पर्यंत कुणालाही फोन लावला की पलीकडची घंटी वाजण्याआधी अमिताभ बच्चन सांगत असत. घरी कुणी चक्कर येऊन पडलंय, डॉक्टरांना फोन लावलाय, आणि बच्चन शांतपणे सायबर गुन्हेगारांविषयी बोलताहेत, असे प्रसंग घरोघरी घडले. उपदेश चांगलाच होता. फक्त तो पाळून काही काम होत नाही. कुठल्याही ऑनलाइन सेवा केंद्रात उभं राहा. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता दिवसभर एकच वाक्य म्हणत असतो: “ओटीपी सांगा.” आणि माणसं सांगतात. खणखणीत आवाजात, एकेक आकडा तोडून, बाहेर चहा पिणाऱ्यालाही लिहून घेता येईल असे.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ला सुरू झाली. महिना पंधराशे रुपये. सप्टेंबर २०२५मध्ये त्यासाठी ई-केवायसी आली. बहिणीने आपला आधार द्यायचा, त्यावर ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार द्यायचा, त्यावरही ओटीपी. मुदत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवरा बहुधा घरात, खाटेवर, फोन हातात घेऊन बसलेला असावा. आमच्याकडचा नवरा सुरतेला असतो. खानदेशातून पिढ्यान् पिढ्या माणसं सुरतेला जाताहेत, यंत्रमागावर, साड्यांच्या कारखान्यांत. तेव्हा बाई पारोळ्याच्या केंद्रात आणि ओटीपी सुरतेत.

एकदा मीही तिथे सातबाऱ्यासाठी बसलो होतो. माझ्या पुढे एक मावशी. तिचा ओटीपी झाला.

“आता काकांचा,” पोरगा म्हणाला. “काका कुठे?”

“तो सुरतले शे. रातपाळी शे त्यानी. आते जपेल व्हई.”

झोपलेल्या माणसाकडे ओटीपी पाठवण्यात आला. त्याला दहा मिनिटांचं आयुष्य असतं. मावशीच्या फोनमधला रिचार्ज संपलेला, म्हणून पोरग्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. पोरगा म्हणाला, “काका, एक ओटीपी आलाय बघा, सांगा.” पलीकडून फोन कापला गेला.

याला काय म्हणावं? अनोळखी नंबर, अनोळखी आवाज, दुपारची वेळ, पहिलंच वाक्य ‘ओटीपी सांगा’. इतके दिवस घसा कोरडा करून जे शिकवलं ते एका माणसाने तंतोतंत पाळलं होतं. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मावशीने फोन ओढून घेतला आणि स्वतः बोलली. आवाज मोठा होता, म्हणून पलीकडचंही ऐकू आलं.

“तू कोन बोली ऱ्हायनी?”

मावशी म्हणाली मी. तो म्हणाला, मी म्हणजे कोण. बाईचा आवाज काढूनही फसवतात, त्याच्या कारखान्यातल्या एकाचे असेच पैसे गेले होते. मग त्याने तिला तिच्या थोरल्या भावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते कुणालाही माहीत असतं, तो म्हणाला. लग्नात मोटारसायकल द्यायची कबूल करून कुणी दिली नाही, ते सांग.

यावर मावशीने जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. त्यात सासरच्या तीन पिढ्या, एक विहीर, दोन तोळ्यांची पोत आणि नवऱ्याच्या झोपेच्या सवयी, सगळं क्रमाने आलं. रांगेतली माणसं ऐकत उभी राहिली. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता.

“हां, तूच शे,” तो म्हणाला, आणि आकडे वाचायला लागला.

पोरग्याने सहाही आकडे टाकले. ओटीपीची मुदत संपली होती.